मेलेलं रोप गुपचूप बदलू नका



जून-जुलै आला की शाळाशाळांतून परसबागेची तयारी सुरू होते. वाफे आखले जातात, कडेला तिरक्या विटा लावून त्यांना चुना आणि गेरू फासला जातो, 'आमची परसबाग' असा फलक लागतो आणि फोटो ग्रुपवर जातो. घरीही तसंच. परिसर अभ्यासात बी रुजण्याचा भाग आला की मुलाच्या हातात एक कुंडी, मूठभर मूग नाहीतर वाल, आणि आठ-दहा दिवसांनी हिरवंगार रोप वर्गात हजर. सगळं छान दिसतं. पण प्राथमिकचे वर्ग शिकवताना एक गोष्ट मला सारखी खटकते, ती आज स्पष्टच लिहिते. या सगळ्यात मेलेली रोपं जातात कुठं?

कारण रोपं मरतातच. ज्याने कधी बाल्कनीत चार कुंड्या ठेवल्या आहेत त्याला हे सांगायला नको. मेथी छान उगवते आणि एका रात्रीत आडवी होते. टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. मिरचीची पानं आकसून वाटीसारखी होतात. बाग म्हटली की हे आलंच. तरीही शाळेत आलेल्या चाळीस कुंड्यांपैकी चाळीसही कुंड्या टवटवीत असतात. कारण उघड आहे. मुलाचं रोप सुकलं की आई-बाबा घाईघाईने नर्सरीतून दुसरं आणतात. शाळेत कुणी भेट द्यायला येणार असेल तर आदल्या दिवशी वाफ्यातल्या रिकाम्या जागा तयार रोपांनी भरल्या जातात. हेतू वाईट नसतो. मुलाला वाईट वाटू नये, शाळेचं नाव खराब होऊ नये, एवढंच. पण त्या बदललेल्या रोपातून मूल जे शिकतं ते कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. ते शिकतं की बिघडलेलं दाखवायचं नसतं, झाकायचं असतं.

माझं म्हणणं साधं आहे. घरची असो की शाळेची, मुलांच्या बागेत रोप मेलं तर तिथेच खरा पाठ सुरू होतो. आणि तो पाठ पुढे नेण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, पुन्हा करून पाहण्याची मुभा. दोन, ज्यांना माहीत आहे त्यांना विचारण्याची सवय.

धन्यांनी घेतलेला तास

एक उदाहरण देते. चौथीच्या वर्गात आम्ही कोथिंबीर पेरायचं ठरवलं. नाशिककरांना कोथिंबिरीचं अप्रूप नाही, इथल्या पालेभाज्या रोज मुंबईला जातात. बऱ्याच मुलांनी शेतात कोथिंबिरीच्या जुड्या बांधतानाही पाहिलंय. पण पेरायची कशी, यावर वर्गात चार मतं निघाली. कुणी म्हणालं, धने तसेच टाकायचे. कुणी म्हणालं, चपलेने रगडून दोन फाकी करायच्या. कुणाच्या आजीने सांगितलं होतं की रगडून रात्रभर भिजवायचे. मी उत्तर सांगितलं नाही. फळांचे रिकामे क्रेट होते, प्रत्येक गटाने आपापल्या पद्धतीने पेरलं आणि तारीख लिहून ठेवली.

रगडून भिजवलेले धने आधी वर आले, साधारण आठव्या-नवव्या दिवशी. अख्खे टाकलेले उशिरा आणि विरळ उगवले. एका क्रेटमध्ये काहीच आलं नाही. त्या गटातली मुलं हिरमुसली. शेजारच्या गटाने सुचवलं, उकरून बघा. उकरलं तर धने बोटभर खोल गेलेले, बुळबुळीत झालेले आणि खाली चिखल. क्रेटच्या तळाला घातलेल्या प्लास्टिकला भोकच पाडलेलं नव्हतं! त्या दिवशी 'बियाण्याला पाण्याबरोबर हवाही लागते' हे वाक्य मला फळ्यावर लिहावं लागलं नाही. एका मुलीने ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिलं, 'धने पाण्यात गुदमरले.' विज्ञानाच्या पुस्तकात याहून चांगलं वाक्य मी तरी वाचलेलं नाही.

आपण ज्याला धना म्हणतो ते खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात, म्हणून ते रगडायचं. हे मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती. नंतर सांगितलं तेव्हा मुलांच्या मनात प्रश्न तयार होता, त्यामुळे उत्तर बसायला जागा होती. आणि न उगवलेला क्रेट जर मी गुपचूप पुन्हा पेरून ठेवला असता, तर या तासातला निम्मा भाग झालाच नसता.

सल्ल्याला गाव असतं

आता दुसरी गोष्ट, सल्ला. आजकाल बागेचा सल्ला मोबाइलवर ढिगाने मिळतो. पण सल्ल्याला गाव असतं, ऋतू असतो. आपल्याच जिल्ह्यात बघा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सिन्नर पर्जन्यछायेत. निफाडला हिवाळ्यात पारा इतका उतरतो की दर वर्षी पेपरात बातमी येते. नदीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तीच माती नुसती कुंडीत भरली तर विटेसारखी घट्ट होते, मुळांना वाव राहत नाही. दुसऱ्या राज्यातल्या कुणीतरी 'रोज दोन वेळा पाणी घाला' म्हटलं, ते त्यांच्या भुसभुशीत मातीला लागू असेल. आपल्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, त्यानेच रोप मरतं.

मग विचारायचं कुणाला? माझा अनुभव असा की शाळेच्या पन्नास पावलांवर ज्ञान असतं, पण आपण त्याला ज्ञान म्हणत नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, भाजीची गाडी लावणारे काका, द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणारे पालक, गावाकडून नातवंडांकडे राहायला आलेली आजी. आमच्या वर्गात मेथी आडवी होत होती तेव्हा एका मुलाची आई शाळेत आली. ती रोज दुसऱ्याच्या मळ्यात निंदणी-खुरपणीला जाते. तिने हात न लावता नुसतं बघून सांगितलं, 'दाट झालीय. वारं फिरत नाही, आणि तुम्ही संध्याकाळी पाणी घालता.' मुलांनी विरळणी केली, पाण्याची वेळ सकाळची केली आणि पुढची मेथी उभी राहिली. पंचवीस-तीस दिवसांत ती ताटात आली. पण मला मेथीपेक्षा वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. ज्या आईला पालक सभेत बोलायचा संकोच वाटायचा, तिला त्या दिवशी चाळीस मुलांनी प्रश्न विचारले. तिच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

अर्थात आजी म्हणाली म्हणजे बरोबरच, असंही नाही. सल्ला आदराने ऐकायचा आणि मग तपासायचा. मिरचीच्या चुरडा-मुरड्यावर आंबट ताक शिंपडा, असं कितीतरी घरांत सांगतात. आम्ही सारखी दिसणारी सहा रोपं घेतली. तिघांवर ताक, तिघांवर नुसतं पाणी, बाकी ऊन, माती सगळं सारखं. तीन आठवड्यांनी मुलांनी लिहिलं, 'फरक दिसला नाही.' एका हुशार पोराने लगेच विचारलं, 'मॅडम, सहा रोपांवरून कसं कळणार?' प्रश्न अगदी बरोबर होता. सहा रोपांवरून कायमचा निकाल लागत नाही. पण भिंगातून पानांच्या मागच्या बाजूला बारीक किडे दिसले आणि रोपाचा आजार कीड पसरवते, हे मुलांना कळलं. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी ही नावं मग पाठ करावी लागली नाहीत. दुसरीकडे, मावा पडलेल्या वालाच्या शेंड्यांवर पाण्याचा जोरात फवारा मारा, हा सल्ला मात्र कामाला आला. त्याच शेंड्यांवर ठिपक्यांचे लाल ढालकिडे फिरत होते. ते मावा खातात म्हटल्यावर मुलांनी त्यांना पाहुण्यांसारखं जपलं.

लाल भोपळ्याची गोष्टही सांगते. वेल भरून पिवळी फुलं, पण भोपळा एकही धरेना. कुणी म्हणे खत कमी, कुणी म्हणे दृष्ट लागली. शनिवारी सकाळची शाळा असते. तेव्हा मुलांना फुलं पूर्ण उमललेली दिसली, एरवी शाळा भरेपर्यंत ती मिटून जायची. जवळून पाहिलं तर काही फुलांचा देठ नुसता बारीक, आणि अगदी थोड्या फुलांच्या खाली इवलासा भोपळा. नर फूल आणि मादी फूल. नर फुलं आधी आणि जास्त येतात. मधमाश्या कमी असतील तर नर फुलाचे परागकण मादी फुलाला हाताने लावता येतात, हे एका शेतकरी आजोबांनी दाखवलं. पुढच्या शनिवारी मुलं वेळेच्या आधी हजर! सांगायचं एवढंच की 'परागीभवन' हा अवघड शब्द मुलांना भोपळा न धरल्यामुळे कळला. पहिल्याच आठवड्यात भोपळे लागले असते तर कुणी फुलाकडे वाकूनही पाहिलं नसतं.

हे आपल्या मातीतलंच आहे

करून पाहायचं, चुकलं तर नोंदवायचं आणि एकमेकांना सांगायचं, ही पद्धत बाहेरून आलेली नाही. महाराष्ट्रातली द्राक्षशेती याच रस्त्याने वाढली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९६०च्या दशकात 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः प्रयोग करायचा, बारकाईने नोंद ठेवायची आणि तो अनुभव पत्रांतून, भेटींतून दुसऱ्याला द्यायचा. तिथे शिकवणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा असा भेद नव्हता. 'विपुलाच सृष्टी' या त्यांच्या पुस्तकात थोड्या जागेत, सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा वापरून कुटुंबापुरतं कसं पिकवता येईल याचा विचार आहे. गच्चीवर भाजी लावणाऱ्या कितीतरी घरांना त्यातून वाट मिळाली.

आपल्या भागात ज्या द्राक्षांची नावं शेंबड्या पोरालाही माहीत असतात, तीच बघा. 'तास-ए-गणेश' हा वाण सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी निवडला. 'सोनाका' सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणला. दोघेही शेतकरी. बागेतली एखादी फांदी इतरांपेक्षा वेगळी दिसली, तिच्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं नाही, ती जपली आणि वाढवून पाहिली. आजही आपल्याकडे खरड छाटणी किंवा फळछाटणीच्या आधी द्राक्ष बागायतदार एखाद्याच्या मांडवाखाली जमतात. 'माझ्याकडे डाऊनी आला, मी हे केलं, उपयोग झाला नाही' असं चारचौघांत सांगतात. लाखो रुपयांचा माल हातचा गेलेला माणूस आपलं नुकसान उघड सांगतो, कारण त्यातून शेजाऱ्याची बाग वाचते. मग आपल्या मुलाची दहा रुपयांची मेथी मेली, तर ती आपण का लपवतो?

शिक्षणाच्या बाजूनेही हे नवीन नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हाताचं काम हे शिकण्याचं माध्यम मानलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. शाळा मुलाच्या कामापर्यंत गेली. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे आणि त्यात बागकामाचा उल्लेख आहे. शालेय पोषण बागांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहेत. म्हणजे कागदावर जागा आहे. प्रश्न आहे तो आपण त्या जागेत काय पेरतो याचा.

'मॅडम, वेळ कुठंय?'

हा प्रश्न मला सहकारी नेहमी विचारतात आणि तो खोटा नाही. निपुण भारतची उद्दिष्टं आहेत, चाचण्या आहेत, ऑनलाइन माहिती भरायची आहे. त्यात बाग कशाला? माझं उत्तर असं की बागेला वेगळा तास लागत नाही. रोपाची उंची दर सोमवारी पट्टीने मोजली की मापन झालं. पन्नास बियांपैकी किती उगवल्या, हे शेकड्यात काढलं की गणित झालं. 'माझं रोप का मेलं?' हा दहा ओळींचा निबंध 'माझी आवडती बाग'पेक्षा कितीतरी खरा उतरतो, कारण त्यात मुलाला काही सांगायचं असतं. वाचनात मागे असलेलं मूलही बियाण्याच्या पाकिटावरची तारीख लावून लावून वाचतं.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. 'मुलाला अपयश दाखवून त्याचा धीर खचतो.' धीर खचतो तो अपयशाने कमी आणि त्याभोवतीच्या आरडाओरड्याने जास्त. 'एवढंही जमलं नाही?' या एका वाक्याने जे होतं, ते सुकलेल्या मेथीने होत नाही. शिवाय बागेत झालेली चूक स्वस्त असते. महिनाभरात पुन्हा पेरता येतं. पुन्हा प्रयत्न करायची सवय लावायला याहून स्वस्त जागा मला तरी दिसत नाही.

तिसरी अडचण खरी आहे, पाणी आणि उन्हाळ्याची सुट्टी. एप्रिल-मे मध्ये शाळेची बाग वाळते, काही गावांत प्यायला पाणी नसतं तिथे वाफ्याला कुठून आणणार? मला वाटतं, तिथे बाग मार्चमध्ये आटोपती घ्यावी. बी धरावं, ते वाळवून राखेत ठेवावं, डबीवर नाव-तारीख लिहावी आणि जूनमध्ये पुन्हा सुरू करावं. एप्रिलच्या उन्हात पेरलेली कोथिंबीर तशीही पानं धरायच्या आधी फुलावर येते. बागेला सुट्टी असते, हेही मुलांना कळू द्या.

काय करता येईल

माझ्या वर्गात चार नियम आहेत. तुम्हाला पटले तर घ्या, नाहीतर आपले करा.

१. मेलेलं रोप आठ दिवस हलवायचं नाही. शेजारी कागद लावायचा. कधी पेरलं, कधी सुकलं, तुला काय वाटतं.

२. पुन्हा पेरताना एकच गोष्ट बदलायची. पाणी, जागा किंवा माती. तिन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

३. तीन माणसांना विचारायचं. त्यातला एक तरी असा हवा ज्याचे हात मातीत असतात. तिघांचे सल्ले वेगळे निघाले तर वहीत शेजारी-शेजारी लिहायचे.

४. आपलं रोप वाचलं तर दुसऱ्याला सांगायचं. कसं वाचवलं ते, आणि आधी काय केल्याने बिघडलं तेही.

पालकांना एकच विनंती. मुलाची कुंडी मुलाची राहू द्या. तुमच्या बाल्कनीत ऊन येत नसेल, पाणी जास्त होत असेल, तर प्रश्न विचारा, पण कुंडी उचलून नेऊ नका. 'मातीत बोट घालून बघ, ओली लागते का?' एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. आणि सुकलेली कुंडी घेऊन मूल शाळेत यायला तयार असेल, तर त्याला अडवू नका.

आणि परसबाग स्पर्धांचं परीक्षण करणाऱ्यांना, भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी नम्र सूचना. वाफे बघाच, पण मुलांची नोंदवहीही मागा. कोणतं रोप मेलं, का मेलं, पुढच्या वेळी काय बदललं, हे मुलांना विचारा. ज्या शाळेतली मुलं याचं उत्तर धडाधड देतील, तिथे एखादा वाफा उघडा असला तरी चार गुण जास्त द्या. आपण गुण कशाला देतो हे शाळांना फार लवकर कळतं. हिरव्या फोटोला दिले तर फोटो हिरवे होतील. नोंदवहीला दिले तर आदल्या रात्री नर्सरीत जायचं कारण उरणार नाही.

ही गोष्ट फक्त भाजीची नाही, म्हणून एवढं लिहिलं. जे मूल तिसरीत सुकलेलं रोप लपवायला शिकतं, ते पाचवीत न आलेलं गणित लपवतं आणि आठवीत त्याहून मोठं काहीतरी. तेव्हा आपण विचारतो, 'आम्हाला आधी का नाही सांगितलंस?' सांगायची सवय आधी लागावी लागते, आणि ती मेथीच्या वाफ्यावर लावणं सोपं आहे. या पावसाळ्यात तुमच्या वर्गात, तुमच्या घरी काय उगवलं ते कळवाच. काय मेलं, तेही कळवा.